न पाहिलेले पत्ते

लखनऊ, ५ मे २०२५

ती. चंद्रप्रभाआत्यास निरंजनचा नमस्कार.

घशाची जखम भरत आली असं तुझ्या सोबतीला असलेल्या विभाने कळवलं. डॉक्टरांनी तुझा आवाज काढून घेतला तरी ताकीद द्यायची सवय काढून घेतलेली नाही. मोबाईलवर दोन ओळी टाकल्यास तर वाचणार नाही, कागद घेऊन बस, असा तुझा हुकूम. म्हणून बसलो आहे.

मला तुझा सल्ला हवा आहे. विषय पत्त्यांचा आहे, हसू नकोस. मला पत्ते पिसायला तूच शिकवलंस.

दीप्तीच्या वडिलांचे, म्हणजे माझ्या सासऱ्यांचे, हवाईदलातले मित्र श्रीपादकाका निवृत्तीनंतर इथेच राहिले. मलिहाबादला त्यांची छोटी आंब्याची बाग आहे. दर रविवारी दुपारी तिथे आम्ही चौघं झाडाखाली पोकर खेळतो. काका, बँकेतला मयूर, मी आणि पुत्तन भैया. पैसे नाहीत, रंगीत चकत्या. मोसमभर ज्याच्या चकत्या जास्त, त्याला कोपऱ्यातल्या दशहरीच्या झाडाचा सगळा बहर. खेळ सोपा आहे. प्रत्येकाच्या हातात दोन झाकलेली पानं, मध्ये एकेक करून पाच उघडी. ज्याची जुळणी मोठी तो जिंकतो. पानं उघडेपर्यंत बोली वाढवत न्यायची, नाहीतर हात टाकून द्यायचा.

पुत्तन भैयांचं अमीनाबादला चिकनच्या भरतकामाच्या कापडाचं दुकान आहे. माणूस गोड. पण खेळतो कसा, तर एकही हात टाकत नाही. काल माझ्याकडे दोन एक्के होते. मी बोली वाढवली, हा आला. परत वाढवली, परत आला. मध्ये राजा, सत्ती, नव्वी, चौकी. शेवटचं पान आलं दुर्री. आणि भैयांनी हातातलं काय दाखवलं? सत्ती आणि दुर्री! दोन जोड्या, माझ्या एका जोडीवर भारी. जगातला कुठलाही शहाणा माणूस जो हात पहिल्या फटक्यात फेकून देईल, तो घेऊन हा शेवटपर्यंत आला आणि जिंकला. वर मला म्हणतो, "निरंजन बाबू, आप खेलते बहुत अच्छा हैं, बस जीतते नहीं।"

सगळे हसले. मीही हसलो. पण आत्या, तुला एकटीला सांगतो, त्या क्षणी मला त्याचं डोकं धरून टेबलावर आपटावंसं वाटलं. नाकाचं हाड मोडल्याचा आवाज मी मनात ऐकला, आणि तो आवडला. माझा उजवा हात टेबलाखाली थरथरत होता. मारायच्या आधी बाबांचा थरथरायचा, तसाच.

पोकर मी का धरला, तुला ठाऊक आहे. या खेळात जो चिडतो तो संपतो. मला वाटलं, रविवारमागून रविवार गप्प हरायला शिकलो की बाबा माझ्या अंगातून निघून जातील. आता वाटतं, ते तिथेच पत्ते पिसत बसले आहेत.

वेड्या माणसापुढे हरायचं कसं? तू सभांमधून वेड्यांसमोर जन्मभर बोललीस. सांग.

तुझा,
निरंजन


मिरज, १३ मे २०२५

चि. निरंजन, अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र वाचून मी टेबलावर मूठ आपटली. आवाज गेलेल्या बाईला मूठच उरते.

तासगावकडच्या एका गावात दारूचं दुकान बंद करायचं मतदान होतं. बायकांनी आडवी बाटली की उभी बाटली ते ठरवायचं. आदल्या दिवशीच्या सभेत एकाने सोड्याची बाटली फेकली. माझं कपाळ फुटलं. डाव्या डोळ्यात रक्त उतरलं, समोरची गर्दी लाल दिसायला लागली, आणि मी बोलत राहिले. माझा एकही मुद्दा खोटा नव्हता. ज्या बायकांच्या पाठीवर वळ होते त्याच समोर बसल्या होत्या. दुसऱ्या दिवशी त्या गावात बाटली उभी राहिली, दुकान चालूच राहिलं. मी चुकले होते का? नाही! निकाल चुकला. जो निकालावरून स्वतःचा विचार मोजतो, तो उद्या कुठल्याही नशीबवान मूर्खाचे पाय धरेल. दोन एक्क्यांवर बोली वाढवलीस, बरोबर केलंस. उद्याही तेच कर. दुर्री आली तर येऊ दे.

पण एक सांगते. उठून जाऊ नकोस. अविवेकाला मैदान मोकळं सोडणं हा मला भेकडपणा वाटतो. मी चाळीस वर्षं वेडे पाहिले. एकही असा नव्हता, ज्याच्या वेडाला आतून काही व्यवस्था नव्हती. तुझ्या पुत्तनलाही असेल. तो कधी हसतो, कधी बसल्या जागी सरकतो, काय चाचपतो, बघ. त्याला वाच. वाचलास की मोड. सोडू नकोस.

हाताचं म्हणशील तर हात थरथरणं हा गुन्हा नाही. तुझा बाप थरथरण्यावर थांबत नव्हता, एवढाच फरक आहे, आणि तो फरक तू सांभाळ. तुला आणि वहिनीला त्या घरातून मी ओढून बाहेर काढलं, ते तू खाली मान घालून बसावंस म्हणून नव्हे. ताठ बस आणि जिंक.

तुझी आत्या


लखनऊ, २७ मे २०२५

ती. आत्यास नमस्कार.

अक्षर वेडंवाकडं आहे कारण डाव्या हाताने लिहितो आहे. उजवा जरा दुखावला. विशेष नाही.

तुझं ऐकलं. पत्र आल्यावरच्या रविवारी डावामागून डाव मी पत्ते कमी आणि पुत्तनचं तोंड जास्त पाहिलं. आणि सापडलं! मोठा हात असला की तो उजव्या कानाची पाळी ओढतो. मी ताडून पाहिलं, पुन्हा ताडून पाहिलं. दर वेळी खरं ठरलं. आत्या, मला किती वर्षांत इतकी शांत झोप लागली नव्हती. वेडाला व्यवस्था असते, तुझंच वाक्य घोकत होतो.

परवाच्या रविवारी माझ्याकडे तीन राण्या जुळल्या. पुत्तनने कान ओढला, पुन्हा ओढला आणि सगळ्या चकत्या पुढे ढकलल्या. मी विचार केला. मान खाली घालून, नीट, तुझ्या शिकवणीने विचार केला, आणि तीन राण्या टाकून दिल्या. मोसम त्याच डावावर होता.

मग त्याने आपली पानं उचलली. उचलली म्हणजे काय समजलीस? पहिल्यांदा उचलली! सगळ्यांबरोबर त्यानेही तेव्हाच पाहिली. पंजी आणि तिर्री. काहीच नाही. "अरे, कुछ भी नहीं निकला!" म्हणून मांडीवर थाप मारली. मयूरने विचारलं, भैया, बघितलं नव्हतं? तर म्हणे, "हम देखते ही कहाँ हैं? दिवाली में तीन पत्ती ब्लाइंड ही खेलते आए हैं, वही आदत है।" सुरुवातीपासून, आत्या. सुरुवातीपासून तो पानं न बघता खेळत होता. मी विचारलं, मग कान? "कान? मच्छर बहुत हैं बाग़ में।"

जे त्याला स्वतःला ठाऊक नव्हतं ते मी त्याच्या तोंडावर वाचत होतो. कोऱ्या भिंतीपुढे उभा राहून मी पानंच्या पानं वाचली.

त्यानंतर थोडी बाचाबाची झाली. सोडून दे. मोबाईलही फुटला आहे, तेव्हा विभाला फोन करायला सांगू नकोस. झाड पुत्तनचं झालं.

तूच लिहिलं होतंस, सोडू नकोस.

निरंजन


लखनऊ, ३१ मे २०२५

आत्या, नमस्कार.

मी दीप्ती. माझा जन्म इथलाच, मराठी बोलते ठीकठाक पण लिहायची आदत नाही. चुकलं तर सांभाळून घ्या. लिहितेय श्रीपादकाकांच्या घरून. लिहून घेतेय खरं तर, काकी लिहितात. का, ते सांगते.

निरंजनने तुम्हाला काय कळवलं माहीत नाही. झालं ते हे. पत्त्यांवरून ते उठले आणि लोखंडी घडीची खुर्ची उचलून पुत्तन भैयांच्या तोंडावर मारली. भैया खाली पडले तरी थांबले नाहीत. खुर्चीचा पाय वाकला, तेव्हा फेकली आणि मुठीने सुरू झाले. काका आणि मयूर दोघं मिळून आवरत होते, आवरले जात नव्हते. मी चहा घेऊन येत होते, मी बघितलं. आत्या, ते ओरडत नव्हते. तोंडातून एक शब्द नाही. फक्त मारत होते, जसं काही काम आहे. जबडा तुटला. डावा डोळा डॉक्टर म्हणाले नाही वाचणार, आणि परवा तो काढला.

आता पुढचं ऐका. इस्पितळात पोलीस आले, विचारलं किसने मारा. पुत्तन भैया बांधलेल्या जबड्यातून म्हणाले, "पेड़ से गिर गए।" त्यांचा मोठा मुलगा गुड्डू तिथेच उभा, त्याला खरं माहीत आहे, तो बापाकडे बघतच राहिला. काकांनी मला येऊन सांगितलं तर मी रडले. वाटलं देवच आहे हा माणूस.

निरंजन नाही रडले. म्हणाले, "कोण आपला डोळा फुकट सोडतो? नाव सांगितलं नाही म्हणजे पोलिसांकडून नको, स्वतः करणार. तो वाट बघतोय. घरी आला की मुलांना पाठवणार." मी म्हटलं, यार निरंजन, त्यांना आंबे आवडतात आणि गप्पा आवडतात, बस, आणखी काय आहे त्या माणसात? तर म्हणाले, "तुला माणसं वाचता येत नाहीत."

परवा गव्हाच्या डब्यात हात घातला तर कट्टा लागला. गावठी पिस्तूल, आत्या, इथे मिळतं, कुणाकडून आणलं देव जाणे. मी तो हातात घेऊन बाहेर आले, विचारलं, हे काय आहे? त्यांनी हिसकावला, आत गेले आणि दार आपटलं. माझी बोटं चौकटीत होती. दोन तुटली. म्हणतात दिसली नाहीत. असेल, नसेल. मी आता त्यांच्या तोंडावर बघणं सोडलंय.

पुत्तन भैया पुढच्या आठवड्यात घरी येणार. निरंजन म्हणतात, पहिला वार त्याला करू देणार नाही. मी सांगून थकले, काका सांगून थकले. तुमचा शब्द ते पाळतात. लवकर लिहा.

दीप्ती


मिरज, ४ जून २०२५

निरंजन,

आज आशीर्वाद नाही.

दीप्तीचं पत्र आलं. काकींच्या हातचं. तिच्या हातचं का नाही, हे तुला ठाऊक आहे. "थोडी बाचाबाची!" एका माणसाचा डोळा डॉक्टरांनी ताटलीत काढून ठेवला, त्याला तुझ्या भाषेत हे नाव आहे! तुझा बापही मारून झाल्यावर असाच मवाळ बोलायचा.

तो काय वाचायचा, ऐक. करपलेल्या भातात तो अपमान वाचायचा. सुकायला घातलेल्या साडीच्या रंगात वाचायचा. वहिनीचं मनगट पिरगाळून मोडलं त्या दिवशी घरात काय घडलं होतं? कुकरची शिट्टी बिघडली होती. शिट्टी! त्याला वाटलं, तो बोलत असताना वहिनीने ती मुद्दाम वाजू दिली. आख्खं घर त्याच्याविरुद्ध कट करतंय असं त्याला वाटे, आणि घरातल्या बाईला भात उतरवायचा असे. तू त्याच्यावर गेला आहेस ते मुठीत नव्हे. मुठी सगळ्यांना असतात. तू गेला आहेस तो या वाचण्यात. डास चावला म्हणून एकाने कान ओढला, त्याचं तू शास्त्र केलंस, आणि शास्त्र खोटं ठरलं म्हणून त्याचा डोळा घेतलास. आता तो गप्प बसला, तर त्या गप्प बसण्याचंही शास्त्र मांडून बसला आहेस, कंबरेला पिस्तूल लावून!

मी लिहिलं होतं, वाच आणि मोड. चाळीस वर्षं व्यासपीठावरून बोललेली बाई मी, समोरच्याचं मन मला कळतं या घमेंडीत लिहिलं. शब्द माझा होता आणि तो सडका निघाला. पण खुर्ची तू उचललीस. माझ्या शब्दामागे लपायला येऊ नकोस, मी बाजूला सरकेन.

हे जग तुझ्या विरोधात खेळत नाही, निरंजन. त्याने तुझ्याकडे पाहिलेलंसुद्धा नाही. शेवटची दुर्री तुला हरवायला आली नव्हती. ती गड्डीत होती, वर आली. हे ज्याला सोसत नाही तो माणूस खून करतो, आणि त्या क्षणी त्याला खात्री असते की आपण न्याय करतो आहोत. मी अशा खुन्यांना तुरुंगात भेटले आहे. सगळे तुझ्यासारखेच समजूतदार बोलतात.

तू पुत्तनच्या घरी जाणारच आहेस ना? जा. मी अडवत नाही. पण गोळी घालण्याआधी एक कर. त्याला विचार, झाडावरून पडलो असं का सांगितलंस. त्याच्या तोंडाकडे बघून ठरवू नकोस. विचार. माणसाला तोंड दिलंय ते त्यासाठी. माझं गेलं आहे, तेव्हा मला त्याची किंमत कळते.

विचारल्यावर काय करायचं ते तू ठरव. मग तू कोणाचा मुलगा आहेस, तेही ठरेल.

चंद्रप्रभा


जिल्हा कारागृह, लखनऊ, २० जून २०२५

ती. आत्यास,

पत्ता वाचून घाबरू नकोस. पुत्तन भैया जिवंत आहेत. त्यांना मी गोळी घातलेली नाही.

तुझं पत्र खिशात आणि कट्टा कंबरेला, असा मी अमीनाबादला गेलो. भर बाजाराची वेळ होती. दुकानावरून जिना आहे, वर घर. माझा हात इतका थरथरत होता की जिन्याचा कठडा वाजत होता. मी ठरवलं होतं, गुड्डू पुढे आला तर आधी त्याला.

भैया गादीवर लोडाला टेकून बसले होते. डोळ्यावर पट्टी, जबडा तारेने बांधलेला, अर्धं तोंड अजून वांग्याच्या रंगाचं. मला पाहून म्हणाले, "आइए निरंजन बाबू। कमर में जो है, मेज़ पर रख दीजिए, बैठने में चुभेगा।"

मी ठेवला. का ठेवला, सांगता येणार नाही. गुड्डूने तो उचलायला हात पुढे केला तर बापाने एका डोळ्याने त्याला मागे सारलं.

मग मी विचारलं. तू सांगितलंस तसं, सरळ. झाडावरून पडलो असं का सांगितलंत?

भैया थोडे गोंधळले. म्हणाले, "पूछा, तो मुँह से निकल गया।"

मी म्हटलं, काहीतरी विचार केला असेल.

"सोचकर बोलते तो आप ही का नाम लेते!" आणि हसायला गेले. जबडा दुखला, डोळ्यातून पाणी आलं. काढलेल्या डोळ्याच्या पट्टीखालूनही ओल आली, आत्या.

एवढंच. कट नाही, सूड नाही, मोठं मनही नाही. न पाहता टाकलेलं पान. त्याच्यावर मी दोन आठवडे खुनाची तयारी केली होती.

मी पाय धरायला वाकलो तर त्यांनी पाय ओढून घेतले. "नाटक मत कीजिए, हमें शर्म आती है।" उशीखालून पत्ते काढले. दोन मला, दोन स्वतःला. म्हणाले, "एक बाज़ी। आप जीते तो हम पेड़ से ही गिरे थे, गुड्डू भी ज़िंदगी भर यही कहेगा। हम जीते तो आप ख़ुद थाने जाकर सच बोलिए। पत्ते देखकर बोलिए, मंज़ूर है? हम तो बिना देखे बोल रहे हैं।"

मी पाहिले. दोन राजे.

शंभर वेळा हा डाव मांडला तर ऐंशीहून जास्त वेळा मी जिंकतो. नाही म्हणायची मुभा होती. मी हिशोब केला आणि म्हटलं, मंज़ूर.

मधली पानं गुड्डूने उघडली. राणी, नव्वी, तिर्री. मग गुलाम. त्याने शेवटचं पान लावलं, चौकी. भैयांनी आपली पानं पहिल्यांदा उलटी केली. नव्वी आणि चौकी. पुन्हा दोन जोड्या.

खालच्या बाजारातला रिक्षावाल्यांचा आरडाओरडा वर येत होता. मी माझ्या उजव्या हाताकडे पाहिलं. तो टेबलावर होता, कट्ट्यापासून वीतभर. मी त्याची वाट बघत राहिलो. बाबांची वाट बघितल्यासारखी.

भैयाच घाबरले. "अरे, मज़ाक था यार। चलिए, एक और खेलते हैं, इस बार आप बाँटिए।" त्यांना खरंच आणखी एक डाव हवा होता. मी म्हटलं, नाही भैया, पान पडलं. कट्टा रुमालात गुंडाळला, कारण तोही ठाण्यात द्यायचा होता, आणि निघालो.

जिन्याच्या खाली गुड्डूने गाठलं. हातात कापड मोजायचा लोखंडी गज. पहिला पाठीवर बसला. दुसरा तोंडावर. पुढचे दात आतल्या आत तुटले, मी ते गिळले की थुंकले आठवत नाही. मग गुडघ्यावर. दुकानांतली माणसं बघत होती. तो म्हणत होता, "उठा हाथ! उठा न!" रडत होता आणि मारत होता. आत्या, मी त्याच्या तोंडाकडे पाहिलं आणि काहीही वाचलं नाही. मुलगा आपल्या बापासाठी मारत होता. रुमालातला कट्टा माझ्या डाव्या काखेत होता. उजवा हात मी पँटच्या खिशात घातला आणि आत कापड घट्ट धरून ठेवलं. तो तिथेच राहिला. लोकांनी गुड्डूला बाजूला घेतलं, तेव्हाही तिथेच होता.

ठाण्यात लंगडत गेलो. फुटलेल्या तोंडाने सगळं सांगितलं, खुर्चीपासून कट्ट्यापर्यंत. हवालदाराने विचारलं, तुम्हाला कुणी मारलं? मी म्हटलं, जिन्यावरून पडलो.

बरोबर खेळलो आणि हरलो. लिहायला हात पुरेसा स्थिर आहे, अक्षरावरून दिसेलच.

दीप्तीने इथे यायला नकार दिला आहे. तिला समजावू नकोस.

निरंजन


मिरज, २८ जून २०२५

चि. निरंजन, आशीर्वाद.

तुझं पत्र वाचून मी खिडकीशी गेले आणि रस्त्यावर ओरडून सांगायला तोंड उघडलं. नुसती हवा आली. खालून जाणारी शेजारची कौमुदी दचकून वर बघायला लागली.

फार खूश होऊ नकोस. एकदा हात खिशात राहिला म्हणजे हात बदलला असं होत नाही. तुझ्या बापाचाही कधी कधी राहायचा, आणि वहिनी त्या दिवसांवर आशेने जगायची. तुला रोज तो खिशात ठेवावा लागणार आहे, आणि कुणी बघत नसताना. डोळा भैयांचा गेला, तो गेला. शिक्षा होईल ती पुरी भोग. मी वकील बघणार नाही.

येते मात्र आहे. गाडीचं आरक्षण झालं. भेटीच्या खोलीत मला बोलता येणार नाही, तेव्हा तू बोल. आयुष्यात पहिल्यांदा मी ऐकून घेईन.

पण आधी अमीनाबादला उतरणार आहे. तुझ्या पुत्तन भैयांनी श्रीपादरावांकडून निरोप धाडला, "बुआजी आएँ तो हमें अपना मराठी खेल सिखाएँ।" मी मेंढीकोट म्हणून कळवलं. त्याला चार माणसं लागतात. भैया, श्रीपादराव, मी. चौथी दीप्ती. तिच्या उजव्या हाताला पट्टी आहे, पण पानं डाव्या हातात धरीन म्हणाली. तुझ्यासाठी येत नाहीये, हेही स्पष्ट सांगितलं आहे. भैयांची जोडीदार म्हणून बसणार आहे.

त्यांना मी पाटीवर पहिला नियम लिहून दाखवणार आहे. इथे पानं बघावी लागतात. समोर जोडीदार बसलेला असतो.

तुझी आत्या